नावेवालीचा घास

मी आठही भाग दुसऱ्यांदा वाचायला घेतले आणि सहाव्या भागाच्या शेवटी ती बाई जिवंत निघाली.

हे वाक्य मी तीन-चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं आहे. ज्यांनी ती पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांना यात लाज वाटण्यासारखं काय आहे ते कळणार नाही. म्हणून आधीपासून सांगते. नीट जमेल की नाही, माहीत नाही.

मालिका आठ भागांची आहे. अद्भुत कथा, प्रत्येक भाग विटेएवढा जाड, सुरुवातीला नकाशा. एका मोठ्या देशातला सगळा अग्नी विझतो. चुली विझतात, भट्ट्या विझतात, उत्तरेच्या बुरुजावरची ज्योत विझते आणि हिवाळा संपतच नाही. फक्त एका पडक्या राजवाड्यातल्या चुलीत एक निखारा जिवंत राहतो. तो निखारा काचेच्या दिव्यात घालून एक राजकन्या सात मुलखांमधून उत्तरेला निघते. वाटेत बोलणारे लांडगे, बर्फाचे किल्ले, मांत्रिक, फितूर सरदार असं सगळं आहे.

मेडशीला शाळेत असताना आमच्या वर्गामागे लोखंडी कपाट होतं. त्यात ही पुस्तकं होती. दर शनिवारी एक पुस्तक मिळायचं, पण या मालिकेचा पुढचा भाग हाती यायला कित्येक महिने जायचे. नववी ते बारावी या चार वर्षांत मी ती मालिका एकदा सबंध वाचली. निदान तसं मी सगळ्यांना सांगत होते.

आमच्या गावात निंदण सावडीनं होतं. आज आमच्या शेतात, उद्या काकूच्या, परवा आणखी कोणाच्या. पाच-सहा बाया सोयाबीनमध्ये एका ओळीत बसतात. प्रत्येकीला एक पात मिळतं, म्हणजे पिकाच्या दोन-तीन ओळी तिच्या; ओळीला आमच्याकडे तास म्हणतात. खुरप्यानं गवत काढत सगळ्यांनी बरोबर पुढे सरकायचं. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मलाही पात मिळायचं. आणि मी मागे पडायचे. केना नावाचं एक गवत असतं, तुटतं पण मुळासकट निघत नाही. त्याच्याशी माझी झटापट चालू असायची तोवर बाकीच्या बाया दहा पावलं पुढे गेलेल्या असायच्या.

"पाह्यलं का," काकू म्हणायची. काकू म्हणजे माझ्या बाबांच्या चुलतभावाची बायको, आमच्या शेजारीच राहते, तिच्या तोंडाला गावात कुणी लागत नाही. "हे पोरगी गवत उपटत नाही. एकेकाचं नाव इचारते, गाव इचारते, मंग सोडून देते."

सगळ्या हसल्या. आई हसली नाही. ती माझ्या शेजारच्या पातावर होती. हात न थांबवता म्हणाली, "तू त्या जाड्या पुस्तकात काय वाचून राह्यली ते तरी सांग. तुझं पात पाह्यतो आमी."

तिथून ते सुरू झालं. मी सांगायचे, त्या ऐकायच्या. माझ्या हातात खुरपं असायचं, पण ते नुसतं मातीवर टेकलेलं. माझ्या एका बाजूनं आई आणि दुसऱ्या बाजूनं काकू माझे तास आपापल्या पातात ओढून घ्यायच्या. चार पावसाळे मी गोष्ट सांगत शेताच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत गेले, आणि माझं पात निंदलेलं असायचं. मी तेव्हा कधी मागे वळून पाहिलं नाही.

पुस्तक मात्र मी शेतात कधी नेलं नाही. घरीही कुणाला हात लावू दिला नाही. त्याला वर्तमानपत्राचं कव्हर, त्यावर प्लास्टिकची पिशवी. एकदा आईनं चित्र पाहायला हात पुढे केला तेव्हा मी म्हणाले, "हात पाह्य ना माय तुझे." गवताच्या रसानं तिची बोटं हिरवी-काळी झाली होती. तिनं हात मागे घेतला आणि पदराला पुसला. पुन्हा मागितलं नाही.

बायांना गोष्ट आवडायची, पण माझ्यासारखी नाही. मला किल्ले आवडायचे. त्यांचे प्रश्न भलतेच असायचे. इतक्या थंडीत ते लोक खातात काय? लांडगा बोलतो तर कोणाची भाषा बोलतो? राजकन्येचं सामान कोण उचलतं? आईचं तर पहिल्याच दिवशी निखाऱ्याशी जमलं नाही.

"काचेच्या दिव्यात उघडा निखारा?" ती म्हणाली. "चार पावलं बी टिकत नाही. राखेत दाबून नेतात. आमी नेत होतो शेजारून, लहानपनी."

"अवं माय, तो जादूचा निखारा हाय."

"जादूचा असन. निखारा तर हाय ना?"

दुसऱ्या भागात एक नावेवाली येते. पुराच्या नदीतून ती राजकन्येला आणि तिच्या सोबत्यांना पलीकडे नेते. पलीकडच्या काठावर नाव खडकाला आपटून फुटते. सगळे वाचतात. राजकन्या तिचे आभार मानते आणि पुढे निघते, कारण मागून लांडगे येत असतात. मी हे शेतात फार रंगवून सांगितलं होतं. लाटांचा आवाजही काढला होता.

आईनं विचारलं, "नाव फुटली. तिचं घर तर अलीकडं होतं. मंग ते घरी कशी गेली?"

"गेली असन."

"कशी? पूर होता ना?"

मी म्हणाले, पुढे येईल. आई थांबली. पण विसरली नाही. तिसरा भाग झाला, चौथा झाला. राजकन्या बर्फाच्या किल्ल्यात अडकलेली असायची, मांत्रिक समोर उभा असायचा, आणि आईचं मधेच, "ते नावेवाली आली का वं कुठं?" काकूही म्हणायला लागली, "तिची लेकरं वाट पाहत असतीन." पुस्तकात लेकरांचा उल्लेखच नव्हता. काकूनं आपल्या मनानं तिला दोन लेकरं दिली होती.

आता खरी गोष्ट. मी पानं गाळत होते. जिथं बाजार यायचा, भाकऱ्या थापणाऱ्या बाया यायच्या, कुणाच्या बैलाचं आजारपण यायचं, तिथं मी सरळ पंधरा-वीस पानं उलटायचे. मला वाटायचं, हे तर आमच्याच घरचं आहे, यासाठी कोण पुस्तक वाचेल. सहाव्या भागात एकही लढाई नाही. तो तर मी एका संध्याकाळी चाळून परत केला. पाचव्याच्या शेवटी दिव्याची काच फुटते आणि सातव्याच्या सुरुवातीला निखारा एका मडक्यात असतो. मडकं कुठून आलं हे मला कळलं नाही आणि मी शोधलंही नाही. शेतात सांगून टाकलं की मांत्रिकानं मंत्र टाकला.

हे अकरावीच्या पावसाळ्यातलं. त्या दिवशी आईनं पुन्हा विचारलं. मला त्याच दिवशी सातव्या भागातली मोठी लढाई सांगायची होती, मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. मी वैतागून म्हणाले, "मेली ते. पुरातच मेली. पोहून जाऊन राह्यली होती घरी, बुडाली."

खुरप्यांचा आवाज थांबला. पाचही बाया हात थांबवून बसल्या होत्या.

मग काकू हळूच म्हणाली, "नाव बी तिची गेली आन जीव बी तिचाच गेला. त्या राजाच्या पोरीचं काय गेलं?"

जेवायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसलो तेव्हा आईनं पहिल्या भाकरीचा एक तुकडा मोडला, त्यावर थोडं पिठलं ठेवलं आणि बाभळीच्या बुडाशी दगडावर ठेवून दिला. "नावेवालीचा," ती म्हणाली. कुणी हसलं नाही. त्यानंतर दरवर्षी, निंदण लागलं की पहिल्या दिवशी ती तसा घास ठेवायला लागली. मला ते थोडं विचित्र वाटायचं. थोडी गंमतही वाटायची. खोटं बोलले याचं काही वाटत नव्हतं, कारण गोष्टीत खोटं काय आणि खरं काय, असं मी स्वतःला सांगितलं होतं.

बारावीनंतर मी वाशिमला कॉलेजला आले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. इथल्या मुली सहज बोलतात. कुणाच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे, कुणाचे वडील मास्तर आहेत. मी पहिले काही महिने फार बोललेच नाही. मग कॉलेजच्या वाचनकट्ट्यावर आवडत्या पुस्तकाबद्दल बोलायची माझी पाळी आली आणि मी ती मालिका निवडली.

मी बोलले ते एकटेपणावर. म्हणाले की या आठ भागांचं मुख्य सूत्र एकटेपणा आहे. इतका मोठा निखारा एक मुलगी एकटीनं वाहून नेते, आणि तिचं दुःख कुणालाच कळत नाही. मग मी जरा थांबले आणि म्हणाले, "मला ती जवळची वाटली. आमच्या घरी पुस्तकाशी कुणाचा संबंध नाही. मी एकटीच वाचत होते. यावर बोलावं असं माझ्याजवळ कुणीही नव्हतं."

टाळ्या पडल्या. सरांनी सांगितलं, हे लिहून दे, वार्षिक अंकात घेऊ. एका मैत्रिणीनं मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. तो मी स्वतः बाबांच्या मोबाइलवर पाठवला. कुणी चोरून दाखवला असता तर निदान तसं म्हणता आलं असतं. पण मीच पाठवला, कौतुक व्हावं म्हणून. आपण त्यात काय बोललो आहोत हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच नव्हतं.

बाबांनी तो अंगणात मोठ्या आवाजात लावला. बाया तूर निवडत बसल्या होत्या. त्याच बाया.

संध्याकाळी फोन केला तेव्हा आई म्हणाली, "ऐकलं. चांगली बोलली. आवाज थरथरला नाही तुझा." मग म्हणाली, "केस बांधत जाय नीट." मी वाट पाहत होते. ती म्हणाली, "बरं, ठेवतो," आणि तेवढ्यात काकूनं फोन घेतला असावा.

"काय वं, एकटीच वाचत होती म्हने? मंग चार साल आमी कोनाचं ऐकून राह्यलो होतो? केन्याचं?"

मागे कुणीतरी हसलं. मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ वसतिगृहाच्या जिन्यात बसून राहिले.

लेख लिहायचा म्हणून मी कॉलेजच्या ग्रंथालयातून मालिका पुन्हा काढली. या खेपेला ठरवलं की एकही पान सोडायचं नाही. ते शिस्त म्हणून ठरवलं होतं की शिक्षा म्हणून, आता सांगता येत नाही.

पहिले तीन भाग वाचताना मला वाटत राहिलं की हे कुणी दुसऱ्यानंच लिहिलेलं पुस्तक आहे. राजकन्या एकटी कुठंच नाही. दर मुक्कामाला कुणीतरी दिवा धरतं. ती झोपते तेव्हा म्हातारा शिपाई धरतो, ती आजारी पडते तेव्हा एक मेंढपाळ धरतो. चौथ्या भागात ती सगळ्यांसमोर म्हणते की इथवर निखारा मी आणला. तेव्हा तो शिपाई तिला तळहात दाखवायला सांगतो. तिच्या हातावर भाजल्याचा एकही डाग नसतो. बाकी सगळ्यांच्या हातावर असतात. हे पान मी शाळेत असताना वाचलं होतं की गाळलं होतं, आठवत नाही. या वेळी वाचलं आणि पुस्तक पालथं ठेवून स्वतःचा हात पाहिला. चार पावसाळे निंदणाला जाणाऱ्या मुलीच्या हाताला घट्टे असायला हवे होते. माझा हात कॉलेजातल्या कुठल्याही मुलीसारखाच होता.

मग सहावा भाग. रविवारची दुपार होती, मुली कपडे धुऊन वाळत घालत होत्या. मी खिडकीशी वाचत होते. काच फुटली आहे, निखारा काळा पडत चालला आहे, राजकन्या त्यावर ओंजळ धरून बसली आहे. आणि वाटेवरून एक बाई येते. नावेवाली. नाव फुटल्यापासून ती काठाकाठानं उतार, म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा, शोधत हिंडते आहे, घरी जायला. कमरेवर मडकं, मडक्यात गार राख. ती काही न बोलता निखारा राखेत दाबते आणि म्हणते, उघडा ठेवला तर कसा टिकेल.

शब्द थोडे वेगळे आहेत, पण आईचंच वाक्य.

मी आठव्या भागाचं शेवटचं पान उघडलं. राज्याभिषेकानंतर, मी ज्याला नुसती पुरवणी समजले होते तिथं, एक पानभर मजकूर आहे. पुन्हा पेटलेल्या चुलींच्या देशात नावेवाली नदीवर येते आणि घरी कशी जाते ते त्यात लिहिलं आहे. दुसऱ्या भागात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आठव्याच्या शेवटच्या पानावर. लेखकाला तो प्रश्न आठवत होता आणि आईला आठवत होता. मधे मी होते.

लेख लिहायला बसले तर पहिल्या ओळीत "एकटी" हा शब्द होता. पुढे जाता येईना. सरांना आधी सांगायचं की आईला, याचाही मी उगीच आठवडाभर विचार केला.

दोन दिवसांची सुट्टी आली तेव्हा सहावा आणि आठवा भाग पिशवीत घालून मी मेडशीच्या बसमध्ये बसले. घरी गेले तर कुलूप. निंदण लागलं होतं. तशीच शेतात गेले. बाया धुऱ्यावर जेवायला बसतच होत्या.

"आली का एकटी?" काकू म्हणाली. तेवढ्यावर थांबली ते बरं.

आईनं भाकरीचा तुकडा मोडला, वर ठेचा ठेवला आणि बाभळीकडे जायला उठली. मी म्हणाले, "माय, थांब. ते मेली नाही."

"कोन?"

"नावेवाली. जित्ती हाय. पुस्तकात मेलीच नाही ते. म्या खोटं सांगतलं होतं."

आई घास हातात घेऊन उभी राहिली. "काहून?"

"म्या पानं सोडली होती. वाचलंच नव्हतं सगळं. तू सारखी इचारत होती आन मले लढाई सांगायची होती."

"मले खरं वाटलं होतं," आई म्हणाली. रागानं नाही. आज ऊन आहे असं सांगावं तसं म्हणाली. ती चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

काकूनं घोटभर पाणी पिऊन म्हटलं, "म्हंजे इतले साल आमी जित्या बाईचे दिवस घालून राह्यलो होतो."

बाकीच्या हसल्या. आईनं घास दगडावर ठेवला, दरवर्षीसारखाच. "राहू दे. जित्या मानसाले तर भूक लागतेच." मग माझ्याकडे वळून विचारलं, "घरी गेली का मंग?"

"गेली. सांगतो ना, आयक. पह्यले ते काठाकाठानं..."

"सांगू नको," आई म्हणाली. "कुठं लिवलं हाय ते दाखव."

मला एकदम समजलं नाही. मग समजलं. चार वर्षं माझ्या तोंडावर विश्वास ठेवून ऐकलेलं होतं, आता तिला अक्षर पाहायचं होतं. आई चौथीपर्यंत शिकली आहे. बसवरची पाटी वाचते, बाबांच्या औषधाची चिठ्ठी वाचते, फार तर तेवढंच. मी आठवा भाग काढला, शेवटचं पान उघडलं आणि तिच्यासमोर धरला. तिनं हात पाहिले. बोटं हिरवी-काळी होती. ती पदराला पुसायला लागली तेव्हा मी पुस्तक तिच्या हातातच दिलं.

तिनं अंगठा ओळीखाली ठेवला. "न-दी-च्या... नदीच्या... का-ठा-व-र..." प्रत्येक शब्द दोनदा. एकदा अक्षरं जुळवायला, एकदा ऐकायला. जेवणं झाली, बाया उठल्या, आपापल्या पातावर जाऊन बसल्या. आई उठली नाही. अर्धं पानही झालं नव्हतं. मधे एकदा तिनं मान वर करून मला विचारलं, "उतार म्हंजे आपला उतारच ना, पायानं जायाचा?" मी हो म्हणाले. ती पुन्हा खाली पाहू लागली.

तिचं खुरपं तिथंच पडलं होतं. मी ते उचललं आणि तिच्या पातावर जाऊन बसले.

पहिले पाच-सहा हात बरे गेले. मग केना आला. उकिडवं बसायची सवय मोडली होती, पाठ भरून आली. बाया पुढे सरकत गेल्या. एकीनंही माझा तास ओढला नाही आणि मला ते बरोबर वाटलं. धुऱ्यावरून आईचा आवाज तुटक तुटक येत होता. कोणता शब्द चालू आहे ते मात्र इतक्या लांबून कळत नव्हतं.

मी घाईनं पुढे सरकायला लागले तशी काकूनं वळून पाहिलं.

"ओ कॉलेजवाल्या बाई. मांगं पाह्य जरा. पानं सोडली तसं गवत बी सोडत चालली."

मी मागे पाहिलं. माझ्या पातात जागोजागी हिरवं उभं होतं. मी परत फिरले आणि जिथून सुटलं होतं तिथं जाऊन बसले.